वय वाढते तसे लक्षही बदलते
साठीनंतर शेतात, वाडीत आणि रस्त्यावर नजर कशी सांभाळावी



बी-बियाणे, खते, औषधे, अवजारे यांविषयी आपण रेडिओवर आणि या पत्रकातून नेहमी बोलतो. आज शेतीच्या एका वेगळ्या साधनाविषयी बोलायचे आहे. हे साधन दुकानात मिळत नाही आणि त्याला अनुदानही नाही. ते म्हणजे तुमची नजर आणि त्या नजरेमागचे तुमचे लक्ष.

आपल्या पालघर, बोईसर-तारापूर पट्ट्यात आज शेतावर कोण दिसते ते पाहा. घरातली तरुण मुले तारापूरच्या एमआयडीसीत पाळीवर जातात, नाहीतर लोकल पकडून मुंबईकडे जातात. २०१३ साली लोकल डहाणू रोडपर्यंत आली, तेव्हापासून ही ये-जा आणखी सोपी झाली. मागे खाचरात, चिकूच्या वाडीत आणि गोठ्यात राहतात ती बहुतेक पन्नाशी-साठी उलटलेली माणसे. पेरणी, आवणी, फवारणी, काढणी या सगळ्यावर त्यांचेच लक्ष असते. दूध-भाजी घेऊन बोईसरच्या बाजारात जाणारेही तेच. आणि ज्या रस्त्याने एके काळी बैलगाडी निवांत जात होती, त्याच रस्त्याने आता कंपनीचे टँकर आणि कामगारांच्या बसगाड्या धावतात.

म्हणून वयाबरोबर नजरेत आणि लक्षात काय फरक पडतो, हे प्रत्येक शेतकरी घराने समजून घेतले पाहिजे. यात घाबरण्याचे काही नाही. बैल म्हातारा झाला म्हणून आपण त्याला लगेच सोडत नाही, त्याचे ओझे हलके करतो. तसेच हे आहे.

दिसणे वेगळे, लक्ष जाणे वेगळे

पुष्कळ जण म्हणतात, "मला चष्म्याने सगळं स्वच्छ दिसतं. मग काळजी कसली?" इथेच गफलत होते. डोळे चित्र आत आणतात. पण त्या चित्रातले काय महत्त्वाचे, कुठे बघायचे, काय सोडून द्यायचे, हे मेंदू ठरवतो. या निवडीलाच आपण लक्ष म्हणतो.

एक साधे उदाहरण घ्या. तुम्ही बांधावरून चालला आहात आणि शेजारी पाण्याच्या पाळीवरून तुमच्याशी वाद घालतो आहे. वाटेत दगड आहे. तो डोळ्यांसमोर असतो, पण लक्ष वादात असते. ठेच लागते, तेव्हा कळते. डोळ्यात काही दोष नव्हता. लक्ष दुसरीकडे होते, एवढेच.

असे तरुणालाही होते. पण वय वाढते तसे हे जास्त वेळा होऊ लागते. फरक हळूहळू पडतो, म्हणून ज्याचा त्याला तो कळत नाही.

आधी डोळ्यांतले बदल

चाळिशीच्या सुमारास जवळचे अक्षर धूसर दिसू लागते. यालाच आपण चाळिशी लागली म्हणतो. डोळ्यातले भिंग ताठर होते, म्हणून असे होते. पुढे बाहुली लहान होत जाते आणि भिंग पिवळसर पडते. त्यामुळे आत जाणारा उजेड कमी होतो. शास्त्रज्ञांच्या हिशेबाने साठाव्या वर्षी डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोहोचणारा उजेड विशीतल्या माणसाच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच असतो. म्हणजे नातवाला पुरेसा वाटणारा दिवा आजोबांना मिणमिणता वाटतो. आजोबा कुरकुर करीत नसतात, त्यांना खरोखरच कमी दिसते.

आणखी तीन गोष्टी होतात. उन्हातून अंधाऱ्या खोलीत शिरल्यावर नजर बसायला जास्त वेळ लागतो. समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याने डोळे दिपले की ते सावरायला उशीर होतो. आणि फिकट रंगांतला फरक, विशेषतः निळा आणि हिरवा, नीट ओळखू येत नाही. या तीनही गोष्टी शेतीच्या कामाला कशा भोवतात, ते पुढे येईलच.

आता लक्षातले बदल

डोळे चांगले असले तरी लक्षात चार बदल होतात.

पहिला बदल: लक्षाचा घेर आखडतो. समोर पाहत असताना बाजूला काय चालले आहे, हे एका नजरेत टिपण्याची ताकद कमी होते. बाजूची वस्तू दिसतच नाही असे नाही, पण ती ध्यानात यायला वेळ लागतो. अमेरिकेतील अलाबामा राज्यात पंचावन्न वर्षांवरील २९४ वाहनचालकांची अशी तपासणी केली आणि पुढची तीन वर्षे त्यांच्या अपघातांची नोंद ठेवली. १९९८ साली निष्कर्ष छापून आला. ज्यांचा हा लक्षाचा घेर चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक घटला होता, त्यांना अपघात होण्याचे प्रमाण इतरांच्या २.२ पट निघाले. आपण डोळ्यांच्या डॉक्टरकडे भिंतीवरची अक्षरे वाचतो, त्या तपासणीत हा दोष सापडत नाही. म्हणूनच "चष्मा आहे, आता काळजी नाही" हे म्हणणे पुरेसे नाही.

दुसरा बदल: पाहणे आणि ठरवणे यात वेळ जातो. गाडी दिसली, ती येते आहे हे कळले, आपण थांबायचे ठरवले, पाय थांबले. प्रत्येक पायरीला थोडा थोडा उशीर होतो.

तिसरा बदल: एका वेळी दोन कामे जड जातात. स्वीडनमधील एका निवासात राहणाऱ्या ५८ वृद्धांना चालता चालता गप्पांत गुंतवून पाहिले. बारा जण बोलण्यासाठी चालणे थांबवत होते. पुढच्या सहा महिन्यांत या बारांपैकी दहा जण कुठे ना कुठे पडले. १९९७ साली ही माहिती प्रसिद्ध झाली. त्यांच्या चालण्यालाच इतके लक्ष लागत होते की बोलण्यासाठी काही उरत नव्हते.

चौथा बदल: सारख्या दिसणाऱ्या गोष्टींतून एक निवडणे कठीण होते. हिरव्या झाडावर एकच लाल मिरची असेल तर ती कोणत्याही वयात झटकन डोळ्यांत भरते. पण हिरव्या पानांत हिरवी मिरची शोधायची असेल तर साठीच्या माणसाला तरुणापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. आजूबाजूला गोंगाट आणि गडबड असेल तर आणखी वेळ लागतो, कारण नको ते बाजूला सारण्याची मेंदूची ताकदही थोडी उणावते.

काय कमी होत नाही?

हेही तितकेच लक्षात ठेवा. कुठे पाहायचे याचे ज्ञान वयाबरोबर जात नाही. ते अनुभवाने वाढते. आधी सांगून ठेवले की "अमुक ठिकाणी अमुक गोष्ट शोधा", तर वडीलधारी माणसेही ती चांगली शोधतात. कोणत्या खाचरात पाणी तुंबते, वाडीच्या कोणत्या कोपऱ्यात आधी कीड येते, ढग कुठल्या बाजूचा खरा आणि कुठल्या बाजूचा फसवा, हे तरुण डोळ्यांना दिसत नाही. तरुणाची नजर चपळ असते, पण ती कुठे टाकायची हे जाणत्याला ठाऊक असते. दोघांनी मिळून काम केले तर घराचा फायदा होतो.

घरी करून पाहण्याजोगी चाचणी

ही डॉक्टरी तपासणी नाही, फक्त समजून घेण्यासाठी आहे. अंगणात भरपूर उजेडात दोघे जण हातभर अंतरावर समोरासमोर बसा. वडीलधाऱ्यांनी समोरच्याच्या नाकाकडे पाहत राहावे. समोरच्याने आपला हात हळूच बाजूला नेऊन एक किंवा दोन बोटे हलवावीत आणि "किती?" असे विचारावे. डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना पाच-पाच वेळा असे करा.

आता पुन्हा तेच करा, पण या वेळी वडीलधाऱ्यांनी शंभरापासून तीन-तीन कमी करीत उलटे आकडे मोजायचे. पहिल्या वेळी बरोबर सांगितलेली बोटे दुसऱ्या वेळी चुकू लागतील किंवा उत्तराला उशीर होईल. डोळे तेच आणि बोटेही तीच, पण लक्ष वाटले गेले. घरातल्या तरुणालाही बसवून पाहा. थोडा फरक त्याच्यातही दिसेल. मात्र आकडे न मोजतासुद्धा एका बाजूची बोटे अजिबात दिसत नसतील, तर वेळ न घालवता डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

रस्ता आणि रूळ

आपल्या भागातला सगळ्यात मोठा धोका रस्त्यावर आहे. चिल्हार-बोईसर रस्ता, पालघर-मनोर रस्ता, औद्योगिक वसाहतीतले रस्ते, मुंबई-अहमदाबाद महामार्ग, सगळीकडे जड वाहने आहेत.

रस्ता ओलांडताना वडील माणसे बहुधा गाडी किती लांब आहे ते पाहतात. ती किती वेगाने येते आहे याचा अंदाज त्यांना तितका नीट येत नाही. त्यातून अलीकडच्या बाजूची वाहने पाहिली जातात आणि पलीकडच्या बाजूची राहून जातात. एक हिशेब करू. रस्ता सात मीटर रुंद आहे आणि तुमची चाल सेकंदाला एक मीटर आहे. म्हणजे ओलांडायला सात सेकंद लागले. तेवढ्या वेळात ताशी साठ किलोमीटर वेगाचा टँकर सुमारे ११७ मीटर पुढे येतो. ही दीडशेहून अधिक पावले झाली. म्हणजे दीडशे पावलांच्या आत मोठे वाहन दिसत असेल तर रस्त्यात पाऊल टाकू नये. "अजून लांब आहे" हा अंदाज फसवा आहे.

यासाठी पुढील सवयी लावून घ्याव्यात.

१) रस्त्याच्या कडेला पूर्ण थांबावे. डोक्यावरचे ओझे, दुधाचा कॅन किंवा भाजीची पाटी नीट सावरून घ्यावी. मग उजवीकडे, डावीकडे आणि पुन्हा उजवीकडे मान वळवून पाहावे. नुसते डोळे फिरवून भागत नाही.
२) मध्ये दुभाजक असेल तर तिथे थांबावे आणि पलीकडची बाजू नव्याने पाहावी.
३) ओलांडताना फोनवर बोलू नये, सोबत्याशीही बोलू नये. बोलायचेच असेल तर कडेला उभे राहून बोलावे.
४) गुरे रस्त्यापलीकडे न्यायची असतील तर दोघांनी जावे. एकाने गुरांकडे पाहावे, दुसऱ्याने गाड्यांकडे.
५) पहाटे आणि दिवेलागणीला पांढरा किंवा फिकट सदरा घालावा. काळे कांबळे पांघरून चालणारा माणूस चालकाला दिसत नाही. सायकलीच्या मागे चकाकणारी लाल पट्टी लावावी.

रुळांबद्दल जास्त सांगायला नको. पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव या पट्ट्यातून लांब पल्ल्याच्या गाड्या न थांबता जातात. मोठी वस्तू समोरून सरळ येत असली की ती आहे त्यापेक्षा सावकाश येते आहे असे डोळ्याला वाटते. हा भ्रम सर्वांनाच होतो. त्यात आपली चाल मंद आणि एका कानाला कमी ऐकू येत असेल तर काय होईल याचा विचार करा. पुलाचा जिना चढायला पाच मिनिटे लागली तरी चालतील, पण रूळ ओलांडू नयेत.

मोटारसायकल किंवा स्कूटर चालवणाऱ्यांसाठी दोन शब्द. चाळिशी उलटल्यावर परवाना काढताना किंवा त्याचे नूतनीकरण करताना डॉक्टरचा दाखला लागतो. तो नुसता सही-शिक्क्याचा कागद समजू नका, त्यानिमित्ताने खरी तपासणी करून घ्या. साठीनंतर रात्री गाडी चालवणे टाळावे. ज्या वेळी कंपन्यांची पाळी बदलते, त्या वेळी वसाहतीच्या नाक्यावर जाणेही टाळावे. तेच काम अर्ध्या-पाऊण तासाने केले तर काही बिघडत नाही. आणि ताडी घेऊन गाडीवर बसणे कोणत्याही वयात वाईटच. वाढत्या वयात थोडी ताडीही लक्षाला जास्त मंद करते.

पिकाची पाहणी

भाताच्या खाचरात उभे राहून वरवर नजर टाकली की पीक हिरवेगार दिसते. पण तपकिरी तुडतुडे बुंध्याशी, पाण्याच्या वर लपलेले असतात. खोडकिड्याचा अंडीपुंज पानाच्या शेंड्याशी असतो. हे हिरव्यात हिरवे शोधण्यासारखेच काम आहे. म्हणून नुसत्या नजरेवर न विसंबता पद्धत बांधून घ्यावी.

सकाळी आठ ते दहाच्या सुमारास, ऊन पाठीवर घेऊन शेतात जावे. शेतात तिरके चालत पाच ठिकाणी थांबावे आणि प्रत्येक ठिकाणी चार चुडे पाहावेत. प्रत्येक चूड एकाच क्रमाने पाहावा: आधी शेंडा, मग मधला भाग, मग चूड हाताने बाजूला करून बुंधा. सुकलेला गाभा दिसला तर तो ओढून पाहावा. खोडकिड्याने खाल्लेला गाभा सहज उपटून हातात येतो. इथे डोळ्यापेक्षा हात खरे सांगतो. आकडा डोक्यात ठेवू नये. एका खिशात खडे घ्यावेत आणि कीड दिसेल तेव्हा एक खडा दुसऱ्या खिशात टाकावा. मोजण्यात लक्ष गुंतले नाही तर पाहण्याला जास्त लक्ष मिळते. शंभरात पाच फुटवे गाभेमर झालेले आढळले किंवा एका चुडात पाच ते दहा तुडतुडे दिसले, तर पुढच्या उपायासाठी कृषी सहायकाला विचारावे.

जी कामे डोळ्यांवर न टाकता होतात, ती तशीच करावीत. पोचट बी निवडत बसण्यापेक्षा मिठाच्या पाण्याची रीत सोपी. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात भाताचे बी ओतावे, ढवळावे आणि पाणी स्थिर होऊ द्यावे. हलके, पोचट बी वर तरंगते, ते काढून टाकावे. तळाचे बी दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे. डोळ्याला ताण नाही आणि निवडही चोख होते. खुणा केलेली दोरी लावून ओळीत आवणी केली तर पुढे पाहणी करतानाही नजर ओळीने जाते, भरकटत नाही. खोडकिड्याचे पतंग पकडणारे गंधसापळे लावले तर कीड शोधत फिरण्याचे काम पुष्कळ कमी होते.

चिकूच्या वाडीतही हेच तत्त्व आहे. पानांच्या गर्दीत मातकट रंगाचे फळ शोधायचे, तेही तयार फळ, हे काम नजरेला थकवणारे आहे. तयार फळावरचा भुकटीसारखा थर झडलेला असतो. शंका आल्यास नखाने किंचित खरवडून पाहावे. आतून हिरवे दिसले तर फळ कच्चे, पिवळसर दिसले तर तयार. साठीनंतर झाडावर चढू नये. कोणती फांदी आधी काढायची हे खाली उभे राहून सांगावे आणि तरुण हाताने झेल्याने फळ उतरवावे.

औषध फवारणी

या बाबतीत चुकीला क्षमा नाही. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे जास्त विषारी, निळा म्हणजे मध्यम विषारी आणि हिरवा म्हणजे त्यामानाने कमी विषारी. भिंग पिवळे पडले की निळा आणि हिरवा यांतला फरक अंधाऱ्या पडवीत कळत नाही, हे मघाशी पाहिले. म्हणून डबा नेहमी उजेडात आणून पाहावा आणि चिठ्ठीवरचे बारीक अक्षर घरातल्या शिकलेल्या मुलाकडून किंवा मुलीकडून मोठ्याने वाचून घ्यावे. यात कमीपणा नाही.

औषध मोजण्याच्या मापावरच्या बारीक रेघा दिसत नसतील तर नेहमी लागणाऱ्या मापाला नेलपॉलिशने ठळक रेघ मारून ठेवावी. मोजताना रेडिओ, फोन आणि गप्पा बंद. कितवा पंप झाला हेही खड्यांनीच मोजावे, नाहीतर एकाच पंपात दोनदा औषध पडते. औषध कधीही दुसऱ्या बाटलीत काढून ठेवू नये. सरबताच्या बाटलीत ठेवलेले औषध अंधारात सरबतच दिसते.

चालताना, कापताना, अंधारात

पावसाळ्यानंतर गवत कापताना फुरसे आणि घोणस यांचा धोका असतो. पाचोळ्याच्या रंगात फुरसे असे मिसळते की तरुणालाही दिसत नाही. म्हणून विळा घालण्याआधी काठीने गवत हलवावे. गमबूट घालावेत. रात्री गोठ्यात किंवा परसात जाताना विजेरी घ्यावी आणि पुढच्या दोन पावलांवर उजेड पाडून चालावे. पेंढ्याच्या उडवीत हात घालण्याआधी काठी घालावी. दंश झालाच तर मांत्रिकाकडे न जाता तडक सरकारी दवाखाना गाठावा.

उन्हातून कोठारात शिरल्यावर दाराशी एक-दोन मिनिटे उभे राहावे. नजर बसली की मग आत जावे. सूर्या कालव्याच्या काठावर, विहिरीपाशी आणि निसरड्या बांधावर चालताना बोलणे थांबवावे. विहिरीच्या काठाला, घराच्या पायरीला आणि उंबरठ्याला चुन्याची पांढरी पट्टी ओढावी. खर्च जवळजवळ काही नाही, पण पाऊल कुठे टाकायचे ते लांबून दिसते. कोयता, विळा, कुदळ यांच्या मुठींना भडक लाल रंग द्यावा. गवतात पडलेला विळा लाल मिरचीसारखा चटकन दिसेल आणि पायाखाली येणार नाही.

मळणीयंत्र आणि गवत कापण्याचे यंत्र यांच्यापुढे बसलेल्याने फक्त यंत्राकडे पाहावे. त्याला हाक मारायची असेल तर आधी यंत्र बंद करावे.

डोळे तपासून घ्या

लक्षाला मदत करायची तर डोळ्यांतून येणारे चित्र आधी स्वच्छ हवे. चित्र धूसर असले की ते ओळखण्यातच मेंदूची ताकद खर्च होते आणि बाकीच्या गोष्टींसाठी लक्ष उरत नाही. आसामातल्या चहाच्या मळ्यात चाळिशीवरील ७५१ मजुरांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना जवळचे पाहण्याचा साधा चष्मा आधी दिला, निम्म्यांना नंतर. चष्मा मिळालेल्यांची रोजची पानतोडणी दुसऱ्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी वाढली. २०१८ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मजूर तेच आणि मळेही तेच, फरक चष्म्याने पडला. मिरची, मोगरा, भाजी तोडणाऱ्या आपल्या बायाबापड्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आपल्या देशात पन्नाशीवरील लोकांच्या अंधत्वाची कारणे २०१५ ते २०१९ या काळात तपासली, तेव्हा तीनपैकी दोघांचे अंधत्व मोतीबिंदूमुळे आल्याचे आढळले. हे अंधत्व शस्त्रक्रियेने टळते. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून सुरू आहे आणि सरकारी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया मोफत होते. "मोतीबिंदू पिकू दे, मग बघू" असे म्हणत बसू नये. काचबिंदू तर चोरपावलांनी येतो. दुखत नाही, पण बाजूची नजर खाऊन टाकतो आणि गेलेली नजर परत येत नाही. म्हणून चाळिशीनंतर दोन वर्षांतून एकदा आणि साठीनंतर किंवा मधुमेह असल्यास दरवर्षी डोळे तपासावेत.

झोपेच्या आणि सर्दीच्या काही गोळ्यांनीही लक्ष मंद होते. नवीन गोळी सुरू केल्यावर गुंगी वाटली तर डॉक्टरांना सांगावे. नेहमीची वाट चुकणे, अचानक एक बाजू न दिसणे, बोलताना जीभ अडखळणे, ही वयाची लक्षणे नाहीत. अशा वेळी ताबडतोब दवाखाना गाठावा.

सरावाने सुधारते का?

काही प्रमाणात सुधारते. अमेरिकेत १९९८ पासून पासष्टीवरील २८०० हून अधिक लोकांवर एक मोठा प्रयोग झाला. त्यातल्या एका गटाकडून संगणकाच्या पडद्यावर समोरची आणि बाजूची वस्तू एकाच वेळी झटपट ओळखण्याचा सराव दहा बैठकांत करून घेतला. पुढे या गटातल्या वाहनचालकांकडून स्वतःच्या चुकीने झालेले अपघात सराव न केलेल्यांच्या मानाने सुमारे निम्म्यावर आले. तात्पर्य असे की लक्ष हे अवजारासारखे आहे. वापरले नाही तर गंजते, परजले तर चालते. पण ज्याचा सराव कराल तेच सुधारते. म्हणून बाजूला पाहण्याची, मान वळवण्याची आणि क्रमाने तपासण्याची सवय रोजच्या कामातच लावून घ्यावी. पुरेशी झोप घ्यावी आणि दुपारी डोळे थकले की घटकाभर पडावे.

घरातल्या तरुणांना

मुलांनो, सुनांनो, "बाबा, दिसत नाही का? लक्ष कुठंय तुमचं?" असे ओरडू नका. लक्ष नाही असे नसते, ते एका वेळी एकाच ठिकाणी पुरते. ओरडल्याने ते आणखी विस्कटते. लांबून हाका मारण्याऐवजी जवळ जाऊन सांगा. एका वेळी एकच काम सांगा. पडवीत, गोठ्यात आणि मोरीत चांगला दिवा लावा. चिठ्ठी वाचणे, औषध मोजणे, झाडावर चढणे, रात्री गाडी चालवणे ही कामे तुमच्याकडे घ्या. पाणी केव्हा सोडायचे, कापणी केव्हा करायची, कोणत्या खाचरात आधी पाहायचे, हे त्यांना विचारा. त्यांना घरी बसवू नका. काम सुटले की माणूस खचतो आणि त्याचे लक्षही लवकर मंदावते.

थोडक्यात लक्षात ठेवा

• चष्मा असला तरी लक्षाचा घेर कमी झालेला असू शकतो.
• एका वेळी एकच काम. चालताना, औषध मोजताना आणि यंत्रावर बोलणे नाही.
• रस्त्यावर थांबा, मान वळवा, दोन्ही बाजू पाहा. दीडशे पावलांत मोठे वाहन असेल तर थांबूनच राहा. रूळ ओलांडू नका, पूल वापरा.
• पाहणी क्रमाने करा आणि हाताची मदत घ्या. मोजणी खड्यांनी करा.
• उजेड वाढवा. पायऱ्यांना पांढरी पट्टी आणि अवजारांच्या मुठींना लाल रंग द्या.
• औषधाची चिठ्ठी तरुणाकडून वाचून घ्या.
• साठीनंतर दरवर्षी डोळे तपासा.

हे पत्रक घरात मोठ्याने वाचा, म्हणजे ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही त्यांनाही ते कळेल. वाचून झाले की शेजारच्या घरी द्या.